फुप्फुस-नीलांतील रचनाभेद

फुप्फुस-नीलांतील रचनाभेद : फुप्फुसांत ऑक्सिजनयुक्त झालेले रक्त हृदयाच्या डाव्या अलिंदात (वरच्या डाव्या कप्प्यात) आणून सोडणाऱ्या वाहिन्यांना फुप्फुस-नीला म्हणतात. त्या सामान्यतः चार असतात. प्रत्येक बाजूस एक ऊर्ध्व व एक अधर. शारीराच्या (शरीररचनाशास्त्राच्या) पाठ्यपुस्तकांत हेच वर्णन दीर्घकाळ छापले जात आहे आणि बहुसंख्य माणसांच्या बाबतीत ते खरेही आहे. तथापि नीलांची संख्या, त्यांच्या शाखांची जुळणी आणि त्या ज्या ठिकाणी हृदयास मिळतात ते ठिकाण यांत माणसामाणसांत फरक आढळतात. यांपैकी बहुतेक फरक निरुपद्रवी असून ज्याच्या शरीरात ते असतात त्याला जन्मभर त्यांचा पत्ताही लागत नाही. छाती उघडून फुप्फुसाचा भाग काढण्याची वेळ आली, की मात्र हाच निरुपद्रवी फरक जिवावर बेतू शकतो. त्यामुळे या रचनाभेदांच्या ज्ञानाचा इतिहास बऱ्याच अंशी छातीच्या शस्त्रक्रियेच्या इतिहासाशी निगडित आहे.

मराठी वैद्यकीय परिभाषेत या वाहिन्यांचे नाव काहीसे विसंगत वाटते. ‘नीला’ म्हणजे निळसर दिसणारी वाहिनी आणि ‘रोहिणी’ म्हणजे तांबडी वाहिनी. शरीरात इतरत्र रक्ताच्या रंगाशी ही नावे जुळतात. फुप्फुसात मात्र नीलेतून लालभडक रक्त वाहते व रोहिणीतून काळपट. वाहिनीचे नाव रक्ताच्या रंगावरून न ठरविता, ती रक्त हृदयाकडे आणते की हृदयाकडून नेते यावरून ठरवावयाचे, हा नियम पत्करल्यावर असे होणे अटळ होते. हा घोटाळा एकट्या मराठीचा नाही. ग्रीक वैद्य गेलेन (दुसरे शतक) यांच्या परंपरेत फुप्फुस-नीलेला ‘नीलेसारखी रोहिणी’ अशा अर्थाचे नाव होते आणि तिच्यातून फुप्फुसातील हवा किंवा प्राणतत्त्व हृदयात येते, अशी समजूत होती.

सर्वसाधारण रचना : उजव्या फुप्फुसाचे तीन खंड असतात. त्यांपैकी वरच्या व मधल्या खंडांतील रक्त उजव्या ऊर्ध्व नीलेतून आणि खालच्या खंडातील रक्त उजव्या अधर नीलेतून वाहते. डाव्या फुप्फुसाचे खंड दोनच असून प्रत्येकाची नीला स्वतंत्र असते. फुप्फुसाबाहेर पडल्यापासून हृदयावरणात शिरेपर्यंत या नीलांची लांबी जेमतेम एक-दोन सेंमी. भरते. एवढ्या तोकड्या जागेत शस्त्रक्रियाविशारदास नीला ओळखून, मोकळी करून, बांधून कापावयाची असते. आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. रोहिणी ही श्वसनीच्या (श्वासनालाच्या शाखेच्या) सोबतीने फुप्फुसाच्या प्रत्येक विभागाच्या मध्यातून जाते, तर नीला दोन विभागांच्या सीमेवरून वाहते. शेतांच्या बांधावरून वाहणाऱ्या पाटाप्रमाणे ती दोन्ही बाजूंचे पाणी घेते. एका विभागाचे म्हणून जे रक्त ती नेते त्यात शेजारच्या विभागाचाही वाटा असतो आणि म्हणूनच रोहिणी व श्वसनी यांच्या तुलनेने नीलांची मांडणी अधिक अनिश्चित असते.

प्राचीन व मध्ययुगीन कल्पना : सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात फुप्फुसाचा उल्लेख हृदयाच्या डाव्या बाजूस आणि क्लोम या अवयवाचा उजव्या बाजूस केलेला आहे. क्लोम म्हणजे नेमका कोणता अवयव, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. वाहत्या पाण्यात प्रेत ठेवून ते मऊ झाल्यावर थर सोडवून पाहण्याची जी पद्धती त्या ग्रंथात सांगितली आहे तिच्यात हाडे, स्नायू व स्नायुबंध नीट दिसतात. पातळ भित्तीच्या नीला टिकणे अवघड होते.

फुप्फुस-नीलेतून हवा नव्हे तर रक्त वाहते, हे प्रथम स्पष्टपणे मांडले ते अरब वैद्य इब्न अल्-नफीस (मृत्यू १२८८) यांनी. हृदयाच्या दोन निलयांमधील (खालच्या कप्प्यांमधील) पडद्यास छिद्रे नसतात. म्हणून उजव्या बाजूचे रक्त फुप्फुसातून जाऊन, तेथे हवेशी मिसळून, मगच डाव्या बाजूस पोहोचत असले पाहिजे, असे त्यांनी लिहिले. त्यांचे हे लेखन यूरोपात दीर्घकाळ अज्ञात राहिले व १९२४ मध्ये बर्लिन येथील हस्तलिखितातून पुन्हा उजेडात आले. दरम्यान मायकेल सर्व्हीटस (१५५३) व रेआल्दो कोलोंबो (१५५९) यांनी हाच सिद्धांत मांडला होता. कोलोंबो यांचा पुरावा साधा व निर्णायक होता : जिवंत प्राण्याची फुप्फुस-नीला उघडली असता तीत रक्तच भरलेले आढळते. विल्यम हार्वी यांचा रक्ताभिसरणविषयक ग्रंथ १६२८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १६६१ मध्ये मार्चेल्लो मालपीगी यांनी बेडकाच्या फुप्फुसातील केशवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली दाखविल्या. रोहिणी व नीला यांमधील गाळलेला दुवा त्यामुळे सापडला.

अपवादांची नोंद : नेहमीचा नियम सिद्ध झाल्यावरच अपवाद ओळखू येऊ लागतात. पॅरिस येथील शारीरविज्ञ विन्स्लो यांनी १७३९ मध्ये काही फुप्फुस-नीला हृदयाच्या उजव्या बाजूकडे जात असल्याचे नोंदविले. सर्वच फुप्फुस-नीला डावे अलिंद सोडून भलतीकडे गेल्याचे पहिले उदाहरण जेम्स विल्सन यांनी १७९८ मध्ये एका अल्पायुषी अर्भकाच्या विच्छेदनावरून प्रसिद्ध केले. उजव्या फुप्फुसातील नीला पडद्याच्या (मध्यपटलाच्या) रोखाने खाली उतरून अधर महानीलेस मिळते, हा प्रकार १८३६ मध्ये नोंदला गेला. क्ष-किरण चित्रात ही नीला हृदयाच्या उजव्या कडेलगत वाकड्या समशेरीसारखी दिसते, म्हणून कॅथरीन नील व त्यांचे सहकारी यांनी १९६० मध्ये त्या विकृतीस समशेरीचे नाव दिले. शंभर वर्षांहून अधिक काळ अशा नोंदी एकेकट्या येत राहिल्या. त्यांचा एकत्र विचार करून मोजदाद करण्याचे पहिले मोठे काम ब्रॉडी यांनी १९४२ मध्ये केले. त्यानंतरच्या पाहण्यांत शवविच्छेदनात अशी अंशतः विस्थापित नीला दर हजारी सु. चार ते सात जणांत आढळल्याचे दिसते.

असे का होते याचे उत्तर भ्रूणाच्या वाढीत आहे. फुप्फुसाचा अंकुर आद्य अन्ननलिकेपासून फुटतो व सुरुवातीस त्याचे रक्त त्या परिसरातील इतर नीलांतून वाहून जाते. हृदयाशी त्याचा संबंध नसतो. पुढे डाव्या अलिंदाच्या मागील भित्तीतून एक सामाईक फुप्फुस-नीला निघून या जाळ्यास मिळते, जुन्या वाटा आक्रसतात आणि सामाईक नीला अलिंदाच्या भित्तीत हळूहळू सामावून जाते. सामावण्याची ही क्रिया नेहमीच्या मर्यादेपर्यंत झाली, की चार मुखे राहतात. ती अपुरी राहिली, तर एका बाजूच्या दोन्ही नीला एकाच खोडातून अलिंदात शिरतात. ती पुढे गेली, तर शाखाही स्वतंत्र मुखांनी उघडतात व संख्या पाच किंवा अधिक होते. सामाईक नीला मुळात तयारच झाली नाही किंवा तिचा एक भाग जोडला गेला नाही, तर जुनी वाट उघडी राहते आणि लाल रक्त ऊर्ध्व महानीला, अधर महानीला, डावी अनामिक नीला किंवा यकृताकडे जाणारी प्रवेशिका नीला यांपैकी एखादीत जाऊन पडते. निरुपद्रवी भेद आणि प्राणघातक विकृती या एकाच घटनाक्रमाच्या कमीअधिक पायऱ्या होत.

भारतातील शवविच्छेदन व नागपूर : कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात मधुसूदन गुप्त यांनी १८३६ मध्ये केलेल्या विच्छेदनापासून भारतात आधुनिक शारीराचे शिक्षण सुरू झाले, असे मानतात. मुंबईचे ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय १८४५ मध्ये सुरू झाले. फुप्फुस-नीलांच्या संदर्भात या महाविद्यालयाशी एक विलक्षण योगायोग निगडित आहे. हेन्री ग्रे यांचा शारीरावरील सुप्रसिद्ध ग्रंथ १८५८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील चित्रे काढणारे हेन्री व्हॅनडाइक कार्टर (१८३१–९७) त्याच वर्षी मुंबईस येऊन या महाविद्यालयात शारीर व शरीरक्रियाविज्ञान यांचे अध्यापक झाले. पुढे साताऱ्यास ते सिव्हिल सर्जन होते; कुष्ठरोग व पुनरावर्ती ज्वर यांवरील त्यांचे संशोधन पश्चिम भारतातलेच आहे. ज्या चित्रांवरून जगभरच्या विद्यार्थ्यांच्या मनावर फुप्फुस-नीलांची ठरीव प्रतिमा ठसली त्यांच्या चित्रकाराने आपल्या कामाची पुढील तीस वर्षे महाराष्ट्रात घालविली, हे फारसे कोणाच्या ध्यानात नसते. उत्तम चित्राचा एक दोषही असतो : ते एका शरीराचे किंवा अनेक शरीरांच्या सरासरीचे असते आणि पाहणाऱ्यास सर्वांचे वाटते.

नागपुरात मेयो रुग्णालय १८६२ पासून आहे. त्याला जोडलेल्या रॉबर्ट्‌सन मेडिकल स्कूलमध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडातील विद्यार्थ्यांना पदविकेचे शिक्षण मिळे. पदवीच्या शिक्षणासाठी मात्र प्रांताबाहेर जावे लागे. ही उणीव शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने १९४७ मध्ये भरून काढली. मेयो रुग्णालयातही १९६८ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय निघाले व आता ते इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय या नावाने ओळखले जाते. नागपूरकरांच्या बोलण्यात ही दोन ठिकाणे आजही ‘मेडिकल’ व ‘मेयो’ एवढ्याच नावांनी येतात. शवविच्छेदन कक्षांना बेवारस मृतदेह मिळण्याची कायदेशीर तजवीज मुंबई राज्यात १९४९ च्या अधिनियमाने झाली. नागपूर त्या वेळी मध्य प्रदेशाची राजधानी होते. त्या राज्यात अशाच स्वरूपाचा अधिनियम १९५४ मध्ये करण्यात आला. रचनाभेदांविषयी भारतीय शारीरविज्ञांनी जे काही जाणले त्यातील फार मोठा वाटा या अनामिक, कोणी दावा न केलेल्या देहांचा आहे. स्वेच्छेने देहदान करणाऱ्यांची भर त्यात पुष्कळ नंतर पडली.

शवविच्छेदनाच्या रूढ पद्धतीमुळे फुप्फुस-नीलांविषयीचे ज्ञान मात्र मागे राहिले. कनिंगहॅम यांच्या प्रात्यक्षिक-पुस्तिकेनुसार, भारतातील बहुतेक कक्षांप्रमाणे, विद्यार्थी फुप्फुसाचे मूळ आडवे कापून फुप्फुस छातीबाहेर काढतात व हृदय नंतर स्वतंत्रपणे अभ्यासतात. असे केल्याने नीलेचा अर्धा भाग फुप्फुसाबरोबर जातो, अर्धा अलिंदास चिकटून राहतो आणि त्या दोहोंमधील जोडणी, म्हणजे ज्या ठिकाणी भेद असण्याची सर्वांत अधिक शक्यता तेच ठिकाण, सुरीखाली जाते. हृदय व दोन्ही फुप्फुसे अखंड बाहेर काढून अलिंद मागून उघडल्याशिवाय मुखांची खरी संख्या कळत नाही. अनेक वर्षे पाठ्यपुस्तकातील चार हा आकडा निर्वेध राहिला, याचे एक कारण मृतदेह तपासण्याच्या या क्रमात आहे.

शस्त्रक्रियेचा विकास : फुप्फुस काढण्याच्या पहिल्या शस्त्रक्रियांत नीलांच्या मांडणीस काहीच महत्त्व नव्हते. रूडोल्फ निसेन यांनी १९३१ मध्ये बर्लिन येथे आणि इव्हार्ट्‌स ग्रेअम यांनी १९३३ मध्ये अमेरिकेतील सेंट लूइस येथे संपूर्ण फुप्फुस यशस्वीपणे काढले. दोघांनीही फुप्फुसाचे मूळ रोहिणी, नीला व श्वसनी यांसह एकगठ्ठा आवळले होते. ग्रेअम यांचा रुग्ण स्वतः वैद्य होता. कर्करोगासाठी एक फुप्फुस गमावूनही तो पुढे तीस वर्षे जगला. ग्रेअम स्वतः १९५७ मध्ये फुप्फुसाच्याच कर्करोगाने वारले. एका खंडापुरत्या शस्त्रक्रियेतही टोराँटोच्या शेनस्टन व जेन्स यांची १९३२ ची फास आवळण्याची पद्धत काही काळ प्रचलित होती. फासात सापडेल ते सर्व कापावयाचे असल्याने कोणती नीला कोठून येते हे पाहण्याचे कारण पडत नसे. मात्र अशा गठ्ठ्यातून मागाहून रक्तस्राव होई, श्वसनीचे टोक उघडे पडून हवा गळे व छातीत पू साठे.

यावर उपाय म्हणून बॉल्टिमोर येथील राइनहोफ यांनी १९३३ मध्ये फुप्फुसाच्या मुळातील प्रत्येक वाहिनी सुटी करून स्वतंत्र बांधली. ब्लेड्‌स व केंट यांनी १९४० मध्ये खंडोच्छेदनासाठी (फुप्फुसाचा एक खंड काढण्यासाठी) हेच तंत्र वापरले. चर्चिल व बेल्सी यांनी तर १९३९ मध्येच खंडाचाही एखादा विभाग तेवढा काढून उरलेला खंड वाचविता येतो हे दाखविले होते. शस्त्रक्रिया जसजशी काटकसरीची होत गेली तसतसे शारीराचे देणे वाढत गेले. जॅक्सन व ह्यूबर यांनी १९४३ मध्ये फुप्फुस-विभागांची नावे निश्चित केली आणि एडवर्ड बॉइडेन यांचा विभागीय रचनेवरील ग्रंथ १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. अनेक फुप्फुसांचे विच्छेदन करून प्रत्येक शाखेचे भेद नोंदविणारा हा ग्रंथ शस्त्रक्रियाविशारदांच्या निकडीतून जन्मला होता.

भारतात छातीच्या शस्त्रक्रियेचा स्वतंत्र विभाग रीव्ह बेट्‌स यांनी वेल्लोर येथील ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयात १९४९ मध्ये उभारला. मुंबईत के. ई. एम्. रुग्णालयात प्रफुल्लकुमार सेन (१९१५–८२) यांनी या विषयाचा पाया घातला. या काळातील भारतीय रुग्ण मुख्यतः क्षयाचा होता. मिरजेजवळील वानलेसवाडी, मध्य प्रांतातील पेंड्रारोड यांसारख्या आरोग्यधामांत विश्रांती, सकस आहार आणि फुप्फुस दाबून ठेवण्याचे उपाय एवढाच उपचार होता. स्ट्रेप्टोमायसीन (१९४४) व आयसोनियाझिड (१९५२) या औषधांच्या छत्राखाली रोगट भाग कापून काढणे सुरक्षित झाले. पुढे मद्रास येथील प्रयोगाने, १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, घरी राहून घेतलेली औषधेही आरोग्यधामातील उपचारांइतकीच गुणकारी ठरतात असे दाखविले आणि शस्त्रक्रियेची गरज झपाट्याने घटली. ती संपली मात्र नाही. औषधांना न जुमानणारा क्षय, क्षयाने पडलेल्या पोकळीत वाढलेली बुरशी, रक्ताच्या गुळण्या, कायमच्या रुंदावलेल्या व पुवाने भरलेल्या श्वसनी यांसाठी विदर्भात आजही छाती उघडावी लागते. नागपूरच्या रुग्णालयांत अकरा जिल्ह्यांच्या विदर्भाखेरीज छिंदवाडा, शिवनी, बालाघाट व आदिलाबाद या बाजूंचेही रुग्ण येतात.

अशा रुग्णात रचनाभेद ओळखणे कर्करोगाच्या रुग्णापेक्षाही कठीण असते. क्षयाने फुप्फुस आखडते, छातीच्या भिंतीस चिकटते आणि श्वसनींभोवतीच्या लसीका ग्रंथी चुनखडीसारख्या कठीण होऊन नीलांच्या पातळ भित्तींना घट्ट धरतात. खंडांमधील फटी बुजतात व नेहमीच्या खुणा नाहीशा होतात. या अडचणीतून वाट काढण्यासाठी हृदयावरण उघडून नीला त्याच्या आतच, अलिंदालगत बांधण्याचे तंत्र वापरतात. ते ॲलिसन यांनी १९४६ मध्ये कर्करोगाच्या संदर्भात वर्णिले होते. संपूर्ण फुप्फुस काढावयाचे असेल, तर हे तंत्र रुग्णास तारते. एकच खंड काढावयाचा असेल, तर मात्र अलिंदाच्या जितके जवळ जावे तितका इतर खंडांची नीला हाती लागण्याचा धोका वाढतो.

शस्त्रक्रियेतील महत्त्व : भलती नीला बांधली गेली असता काय होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या भेदांचे गांभीर्य कळते. रोहिणी बंद झाली, तर त्या भागास फुप्फुस-रोहिणीचे रक्त मिळत नाही. नीला बंद झाली, तर रक्त येतच राहते व त्याला बाहेर पडण्यास वाट राहत नाही. खंड फुगतो, काळानिळा पडतो, वायुकोशांत रक्त व द्रव झिरपतो आणि रुग्णास फेसाळ तांबडी थुंकी पडू लागते. वेळीच लक्षात आल्यास नीला पुन्हा जोडण्याचा प्रयत्न करता येतो; अन्यथा जो खंड निरोगी म्हणून मागे ठेवला होता तोही काढावा लागतो. क्षयाने आधीच श्वसनक्षमता घटलेल्या माणसास हा दुसरा खंड गमावणे परवडत नाही.

सर्वांत भयंकर चूक डाव्या बाजूस संभवते. दोन्ही डाव्या नीला हृदयावरणाबाहेरच एकत्र येऊन एका खोडाने अलिंदात शिरत असतील, तर खालचा खंड काढताना ते खोडच अधर नीला समजून बांधले जाण्याची भीती असते. असे झाल्यास वरच्या खंडास कोणताच निर्गममार्ग उरत नाही. यावर उपाय जुना व सोपा आहे : अधर नीला कापण्यापूर्वी ऊर्ध्व नीला स्वतंत्रपणे डोळ्यांनी पाहावयाची. उजव्या बाजूस मधल्या खंडाची नीला हा वादाचा विषय असतो. ती बहुधा ऊर्ध्व नीलेस मिळते. म्हणून वरचा खंड काढताना ऊर्ध्व नीलेचे खोड न बांधता मधल्या खंडाची शाखा राखून पुढे जावे लागते. काही जणांत ती सरळ अलिंदात उघडते व थोड्यांत अधर नीलेस मिळते. या शेवटच्या प्रकारात खालचा खंड काढताना मधला खंड धोक्यात येतो. तिसरा प्रकार उजव्या वरच्या खंडाच्या मागील विभागाच्या नीलेचा आहे. ती नेहमीप्रमाणे पुढून न येता श्वसनीच्या मागून उतरते व अधर नीलेस किंवा अलिंदास मिळते. श्वासनालाच्या दुभाजनाखालील लसीका ग्रंथी काढताना अशा नीलेस इजा होऊन अनपेक्षित रक्तस्राव होतो.

अंशतः विस्थापित नीलेचा प्रश्न याहून वेगळा व विचार करायला लावणारा आहे. समजा, डाव्या वरच्या खंडाचे लाल रक्त अनामिक नीलेत जात आहे. हृदयाच्या उजव्या बाजूवर त्यामुळे पडणारा भार माणूस सहज सोसतो. रोग त्याच खंडात असेल व तो खंड काढला, तर विकृतीही त्याबरोबर नाहीशी होते. रोग दुसऱ्या खंडात असेल, तर मात्र तो खंड काढल्यावर विस्थापित नीलेच्या खंडाकडे जाणारे रक्त वाढते, उजव्या बाजूकडे फुकट परतणाऱ्या रक्ताचे प्रमाण वाढते आणि कालपर्यंत निकोप असलेले हृदय निकामी होऊ शकते. अशा वेळी विस्थापित नीला आधी डाव्या अलिंदास जोडावी लागते. एकच विकृती एका शस्त्रक्रियेत आपोआप बरी होते व दुसरीत प्राण घेते.

सर्व नीला विस्थापित असतील, तर प्रश्न नवजात बालकाच्या जगण्याचा असतो. डार्लिंग व त्यांचे सहकारी यांनी १९५७ मध्ये हृदयाच्या वर, हृदयातच, हृदयाखाली व संमिश्र असे तिचे चार प्रकार केले. नीला पडद्यातून खाली उतरून यकृताच्या वाहिन्यांत जाते त्या प्रकारात तिला बहुधा अडथळा होतो व मूल जन्मतःच निळे पडून काही दिवसांत दगावते. म्यूलर यांनी १९५१ मध्ये या विकृतीवर पहिली आंशिक शस्त्रक्रिया केली. पूर्ण दुरुस्ती १९५६ मध्ये साधली, ल्यूइस व व्हार्को यांनी शरीर थंड करून, तर अमेरिकेतील रॉचेस्टर येथील मेयो क्लिनिकमध्ये कर्कलिन यांच्या गटाने हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने ती केली (नागपूरच्या मेयो रुग्णालयाशी या क्लिनिकचा संबंध नाही, ते नाव माजी व्हाइसरॉयचे आहे). हृदयरोपणातही फुप्फुस-नीलांनी तंत्र ठरविले. सेन यांनी मुंबईत फेब्रुवारी १९६८ मध्ये भारतातील पहिले हृदयरोपण केले तेव्हा जगात रूढ झालेल्या पद्धतीत रुग्णाच्या डाव्या अलिंदाची मागील भिंत नीलांच्या मुखांसह तशीच राखीत व नवे हृदय तिच्यावर शिवीत. एकेक नीला जोडण्याचे कष्ट व धोका त्यामुळे टळे आणि मुखे चार आहेत की पाच, हा प्रश्न उद्भवत नसे.

अलीकडील प्रगती : विसाव्या शतकाच्या अखेरीस फुप्फुस-नीलांकडे अनपेक्षित दिशेने लक्ष वेधले गेले. बॉर्दो येथील हाइसाग्वेर व त्यांचे सहकारी यांनी १९९८ मध्ये असे दाखविले की, अलिंदांच्या अनियमित कंपनाचा उगम पुष्कळदा फुप्फुस-नीलांच्या मुखांशी असलेल्या स्नायुतंतूंत असतो. ही मुखे सभोवार भाजून विद्युत् दृष्ट्या अलग करण्याचे उपचार सुरू झाले आणि प्रत्येक रुग्णाची मुखे आधी मोजणे आवश्यक झाले. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील २०१ रुग्णांच्या संगणकीय छेदचित्रांच्या पाहणीत उजव्या बाजूस दोनच मुखे सु. ७१ टक्के व तीन ते पाच मुखे सु. २८ टक्के जणांत आढळली; डाव्या बाजूस दोन मुखे सु. ८६ टक्के व एकच मुख सु. १४ टक्के जणांत होते. शवविच्छेदनाने दीडशे वर्षांत जे विस्कळितपणे सांगितले होते ते जिवंत माणसांच्या चित्रांनी थोड्या अवधीत आकड्यांत मांडले. चार नीलांची पाठ्यपुस्तकी मांडणी बहुमताची आहे, हे खरे ठरले. पण अल्पमत किती मोठे आहे हेही कळले.

त्याच सुमारास, १९९० नंतर, लहान छिद्रांतून दुर्बीण घालून खंडोच्छेदन करण्याची पद्धत रूढ होऊ लागली. रुग्णाच्या वेदना त्यामुळे पुष्कळ कमी झाल्या. परंतु उघड्या छातीत शस्त्रक्रियाविशारद बोटांनी चाचपून नीलेचा माग काढी, ती सोय गेली. दुर्बिणीतून एका बाजूचे दृश्य मोठे दिसते व पाठीमागचे झाकले जाते. नीला बांधण्याऐवजी यंत्राने एका क्षणात टाचून कापली जाते, त्यामुळे चूक सुधारण्यासही अवधी उरत नाही. कर्करोगात नीला आधी कापावी की रोहिणी, हा जुना वादही अद्याप चालू आहे. नीला आधी कापल्यास रोगपेशी रक्तात पसरत नाहीत, असे एक मत; रोहिणी चालू ठेवून नीला कापली, तर काढावयाचा भाग रक्ताने तुंबतो, असे दुसरे. डावा वरचा खंड काढल्यानंतर नीलेच्या उरलेल्या लांब बुंध्यात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूकडे जाऊ शकते, हेही अलीकडच्या काळात स्पष्ट झाले आहे.

शस्त्रक्रियेपूर्वी रंजकद्रव्य टोचून घेतलेल्या संगणकीय छेदचित्रांवरून प्रत्येक रुग्णाच्या नीलांचे त्रिमितीय चित्र आता तयार करता येते. नागपूरच्या शासकीय व खासगी रुग्णालयांतही अशी यंत्रे आहेत. अडचण बहुधा यंत्राची नसून प्रश्न विचारण्याची असते. क्षय किंवा गाठ यांसाठी घेतलेल्या चित्रात पाहणारा रोगाकडे पाहतो. नीला मधल्या खंडातून कोठे जाते हे, कोणी मुद्दाम विचारल्याशिवाय, अहवालात येत नाही. विस्थापित नीला चित्रात असूनही नजरेतून निसटल्याची व शस्त्रक्रियेच्या वेळी समोर आल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत वारंवार प्रसिद्ध होतात. शवविच्छेदन कक्षात, छेदचित्रांच्या विभागात व शस्त्रक्रियागारात आढळणारे भेद एकाच नोंदवहीत आणण्याची प्रथा भारतात अद्याप सर्वत्र पडलेली नाही. विच्छेदनासाठी आलेल्या देहातील हृदय व फुप्फुसे अखंड काढून, अलिंद मागून उघडून, मुखे मोजून मगच विद्यार्थ्यांच्या हाती देण्यास अर्ध्या दिवसाहून अधिक वेळ लागत नाही. ज्या संस्थांत हे केले जाते तेथील संग्रहालयांत पाच मुखांचे किंवा एकखोडी डाव्या नीलेचे अलिंद काचेच्या बरणीत पाहावयास मिळते.